गाडीच्या ब्रेकचा आवाज: कसा येतो यापेक्षा कधी थांबतो ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याला राहता, कामाला रोज पणजीला जाता. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. तुम्ही बाहेरगावी होता म्हणून भर पावसात पाच-सहा आठवडे गाडी अंगणात उघड्यावर उभी होती. चवथीला परत आल्यावर चालवायला काढली आणि तेव्हापासून तीन आवाज येताहेत. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर. मग हळू चालताना पुढच्या डाव्या बाजूनं बारीक चीं-चीं, जी ब्रेक मारला की बंद होते. आणि गतिरोधकावर किंवा खड्ड्यात टकटक. गॅरेजवाल्यानं चाक न खोलता सांगितलं की चारही चाकांचे ब्रेक पॅड आणि पुढच्या दोन्ही डिस्क बदला. तुम्ही विचारताय, एवढा खर्च खरंच करायला हवा का?

आवाजांचं वर्णन तुम्ही बारकाईनं केलंय, चीं-चीं कुठल्या पक्ष्यासारखी वाटते तेही लिहिलंय. पण सगळ्यात कामाचं आहे ते तुम्ही जाता जाता लिहिलेलं अर्धं वाक्य: ब्रेक मारला की बंद होते. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक तोंडानं आवाज काढून दाखवतं तेव्हा मी ऐकून घेतो, पण त्यावरून निदान करत नाही. एकच चीं चार-पाच वेगवेगळ्या कारणांनी येते आणि कान कितीही तयार असला तरी नुसत्या आवाजावरून ती कारणं वेगळी करता येत नाहीत. आवाज कधी सुरू होतो आणि कधी थांबतो यावरून मात्र येतात.

त्यामागचं कारण साधं आहे. ब्रेक दाबला की दोन पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. त्या क्षणी तिथली प्रत्येक सैल गोष्ट घट्ट होते. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर सुरू होणारा आवाज पॅड आणि डिस्क जिथे घासतात तिथला असतो. ब्रेक दाबल्यावर थांबणारा आवाज सैल असलेल्या किंवा नुसत्या टेकून राहिलेल्या वस्तूचा असतो. आणि ब्रेक दाबा, सोडा, काही फरकच पडत नसेल तर बहुतेक वेळा ब्रेकचा संबंध नसतो. मग चाकाचं बेअरिंग, टायर किंवा डिस्कमागचा पत्रा बघायचा. तुमचे तिन्ही आवाज या चाळणीतून काढले तर ते एका दुखण्याचे नाहीत हे लगेच दिसतं. गॅरेजवाल्यानं तिन्ही एकाच बिलात बसवले, एवढंच.

मी तुमची गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे पॅड किती उरलेत, मागच्या वेळी कुठल्या बनावटीचे बसवले, त्या वेळी कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या पकडीच्या, पिना साफ केल्या का, यावर बरंच अवलंबून आहे. तरी क्रमानं सांगतो.

सकाळची खरखर विसरून जा. डिस्क बिडाच्या असतात आणि त्यांच्या घासणाऱ्या भागाला रंग नसतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेत ओल कायम. अशा हवेत एका रात्रीत डिस्कवर तांबूस थर चढतो. संध्याकाळी गाडी धुऊन तशीच उभी केली तर पाऊस नसतानाही चढतो. पहिल्या काही ब्रेकमध्ये पॅड तो थर खरवडून काढतात, त्याचीच ही खरखर. मिरामार, कळंगुटकडे समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या गाड्यांना ती जास्त. तुमची दोन-तीन ब्रेकमध्ये थांबते, म्हणजे सगळं ठीक आहे.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली असेल तर मात्र आणखी एक गोष्ट बघायची. पॅड जिथे टेकून राहिले तिथे डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग पडतो आणि तेवढा भाग बाकीच्यापेक्षा वेगळा घासतो. मग ठरावीक अंतरानं घुर-घुर येते, ब्रेकच्या पेडलला हलके ठोके जाणवतात. हलका डाग चार दिवसांच्या वापरात जातो. पंधरवड्यानंतरही ठोके राहिले तर डिस्क लेथवर फेसिंग मारून, म्हणजे वरचा थर काढून सपाट करून घ्यायची किंवा बदलायची. ठोक्यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, म्हणून सध्या हा मुद्दा बाजूला ठेवतो.

आता चीं-चीं, कारण खरं काम इथे आहे. ब्रेक न मारता येते, मारला की थांबते, पुढच्या डाव्या चाकातून येते. माझे संशयित दोन आहेत.

पहिला म्हणजे पॅड संपत आल्याची सूचना. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक छोटी पट्टी जोडलेली असते. नव्या पॅडचं घासणारं मटेरियल साधारण १० मिलिमीटर जाडीचं असतं. ते झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ही पट्टी डिस्कला टेकते आणि चाक फिरेल तशी चिरकते. मुद्दाम तशी बनवलेली असते. ब्रेक मारला की ती दाबली जाते आणि आवाज बदलतो किंवा थांबतो. स्वस्तातल्या पॅडना ही पट्टी नसते, त्यामुळे आवाज नाही म्हणजे पॅड शिल्लक आहे असं समजू नका. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी पाहा. पॅड झिजतो तसा त्याला मागून दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागे ऑइल जातं, म्हणून पॅड संपत आले की पातळी हळूहळू खाली येते. ती खालच्या रेघेजवळ असेल तर एक तर पॅड संपलेत किंवा कुठेतरी गळती आहे. दोन्हीपैकी काय ते कळल्याशिवाय वरून ऑइल ओतू नका, कारण ओतलं की खूण पुसली जाते.

दुसरा संशयित कॅलिपरच्या पिना, आणि तुमच्या गाडीच्या इतिहासावरून माझा जास्त भर यावरच आहे. तुमच्यासारख्या बहुतेक गाड्यांमध्ये पिस्टन एकाच, आतल्या, बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर पूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनांवर रबरी टोपण असतं, आत ग्रीस. टोपण फाटलं की पावसाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, पिन गंजते. गाडी रोज धावत असेल तर पिन हलत राहते. पाच-सहा आठवडे ओल्यात उभी राहिली तर ती आहे तिथेच धरते. मग पावसात फुगलेला लाकडी ड्रॉवर जसा एका बाजूनं अडकून तिरका राहतो तसा कॅलिपर राहतो. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कपासून सुटत नाही, जेमतेम टेकून राहतो, आणि टेकलेला पॅड थरथरतो. ती थरथर म्हणजे चीं-चीं. ब्रेक मारला की पॅड घट्ट दाबला जातो, थरथरायला जागा राहत नाही, आवाज बंद.

दोघांमधला फरक घरी बसून बऱ्यापैकी ओळखता येतो. पणजीहून परत येताना शेवटचे काही किलोमीटर शक्य तितके कमी ब्रेक वापरा, फर्मागुढीचा उतार गिअरवर घ्या, आणि घरी पोचल्याबरोबर उतरून चारही चाकांजवळ हात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. चाकापासून चार बोटांवर धरलात तरी ऊब कळते. पुढचं डावं उजव्यापेक्षा स्पष्ट गरम वाटलं किंवा जळकट वास आला, तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. सपाट रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते का, न्यूट्रलमध्ये नेहमीपेक्षा लवकर थांबते का, तेही पाहा. दोन्ही चाकं सारखीच कोमट असतील आणि ऑइलची पातळी खाली असेल, तर पॅडची पट्टी.

टॉर्च घेऊन अलॉय चाकाच्या फटीतून पॅड पाहणारे पुष्कळ असतात. त्यातून दिसतो तो बाहेरचा पॅड. पिन जाम झाली की बऱ्याचदा आतला पॅड आधी संपतो, कारण पिस्टन त्यालाच दाबत राहतो. बाहेरून सहा मिलिमीटर आणि आत नुसती लोखंडी पाटी, अशा गाड्या पावसाळा संपताना दर वर्षी गॅरेजला येतात. त्यामुळे चाक काढून, कॅलिपर उघडून, दोन्ही पॅड हातात घेतल्याशिवाय कुणी ‘पॅड आहे’ म्हणालं किंवा ‘पॅड संपले’ म्हणालं, तरी दोन्ही ऐकून सोडून द्या.

तिसरी एक शक्यता सांगून ठेवतो, कारण आपल्या रस्त्यांवर ती नेहमीची आहे. डिस्कच्या मागे पातळ पत्रा असतो. त्याच्या आणि डिस्कच्या फटीत चिऱ्याचा खडा अडकला किंवा पत्रा गंजून वाकला, तर भयंकर किरकिर होते. माणूस घाबरून गाडी बाजूला घेतो. डिचोली, सांगे भागात खाणीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांना हे पाठच आहे. हा आवाज ब्रेकनं थांबत नाही, पण वळणावर किंवा गाडी मागे घेतल्यावर बदलतो, कधी खडा पडून एकाएकी नाहीसा होतो. तुमची चीं-चीं ब्रेकनं थांबते, म्हणून पत्र्यावरचा माझा संशय कमी. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं, जी डाव्या वळणावर वाढते, ती उजव्या बेअरिंगची, कारण वळणात भार बाहेरच्या बाजूला जातो. तशी काही तुम्ही लिहिलेली नाही.

आवाज नक्की कुठल्या चाकाचा हे स्टिअरिंगवर बसून ठरवणं अवघड असतं, कारण आपण उजवीकडे बसतो आणि डावीकडचं सगळं पुढूनच आल्यासारखं वाटतं. काचा खाली करा, रहदारी नसलेल्या वेळी एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीशेजारून वीसच्या वेगानं जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि पुढचं की मागचं ते स्पष्ट कळतं. जाताना भिंत डावीकडे, येताना उजवीकडे. मागच्या ब्रेकसाठी वेगळी परीक्षा आहे: मोकळ्या सपाट मैदानात पंधराच्या वेगानं हँडब्रेकचं बटण दाबून धरून लिव्हर अगदी हळू ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणून तेव्हा जो आवाज येईल तो मागचाच. ओल्या रस्त्यावर हे करू नका, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत तर मुळीच नको.

मागच्या ड्रमचा विषय निघालाच आहे तर विचारतो: उभी होती तेव्हा हँडब्रेक ओढलेला होता का? तसा असेल तर लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या, ड्रमला चिकटतात. गाडी पहिल्यांदा हलवताना ‘ढम’ असा आवाज झाला असेल तर तेच. सहसा सुटतात आणि पुढे त्रास नसतो, पण कधी लायनर ज्या लोखंडी शूवर बसवलेला असतो त्यावरून उचकटतो, म्हणून मागचे ड्रम एकदा काढून बघायला सांगा. पुढच्या पावसाळ्यात गाडी ठेवून जायचं असेल तर सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दोन्हीकडून दगड लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

राहिली टकटक. ही ब्रेकची आहे की सस्पेन्शनची, ते एका फेरीत कळतं. छोट्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून दहा-पंधराच्या वेगानं जा. एकदा नुसते, एकदा ब्रेकच्या पेडलवर पाय अगदी हलका टेकवून. पाय टेकवल्यावर टकटक थांबली तर पॅड त्यांच्या जागेत सैल हलताहेत. पॅड धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा गंजून गेल्यात किंवा मागच्या कामात कुणी परत बसवल्याच नाहीत. क्लिपा न बसवण्याचा प्रकार तुम्हाला वाटेल त्याहून जास्त चालतो, कारण त्यांच्याशिवायही ब्रेक लागतो. पाय टेकवूनही तशीच राहिली तर सस्पेन्शनचे भाग, म्हणजे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग बघायचं, आणि मग पॅड-डिस्क बदलून काडीचा फरक पडणार नाही. बाणस्तारी, भोमवरून रोज जाणाऱ्या दहा वर्षं जुन्या गाडीच्या बाबतीत मी लिंक रॉडवर पैज लावीन.

या तपासण्या करत बसण्याआधी एक अट. सतत लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज, पेडल खोल जाणं, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा, ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला जोरानं ओढणं, चाकाच्या आतल्या बाजूला ओला तेलकट ओघळ, यातलं एकही असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, म्हणूनच इतक्या शांतपणे लिहितोय.

आता गॅरेजमध्ये काय मागायचं. आधी सांगा, पुढची दोन्ही चाकं आणि कॅलिपर माझ्यासमोर उघडा. चारही पॅडची जाडी मोजा. ३ मिलिमीटरच्या आसपास किंवा खाली असतील तर बदला, आणि डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदम बदला, एकाच बाजूचे नकोत. पाच-सहा मिलिमीटर असतील आणि सारखे झिजले असतील तर तेच परत बसवा. मागच्या चाकांना तर पॅड नाहीतच, तिथे लायनर असतात. बोलण्यात सगळेच त्यांना पॅड म्हणून जातात, तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवू नका. पण ड्रम न काढता ते बदलायला कसे झालेत हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरनं मोजून त्या आकड्याच्या खाली असेल किंवा तडा असेल तर बदला, नाहीतर नाही. बाहेरच्या कडेला गंजाची उंच कड झाली असेल तर ती पॅडच्या काठाला घासून वेगळाच आवाज करते. ती लेथवर काढून मिळते, फक्त फेसिंगनंतरही जाडी किमान आकड्याच्या वर राहायला हवी.

पिना बाहेर काढून साफ करायच्या, खड्डे पडले असतील तर बदलायच्या, रबरी टोपणं नवी टाकायची. यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लागतं. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा अडकते. पॅडच्या क्लिपा नव्या घ्या, फार महाग नसतात. साफसफाई ब्रेक क्लीनरनं करायला सांगा. हवेच्या पाइपनं धूळ उडवत असतील तर तुम्ही दूर उभे राहा, जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असायचं आणि हल्लीची धूळही फुप्फुसांसाठी काही औषध नव्हे. आणि चीं-चीं थांबावी म्हणून पॅडवर तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला तुमच्या ब्रेकला हात लावू देऊ नका. आवाज खरोखर थांबेल, ब्रेकही थांबेल.

गाडी उघडलीच आहे तर ब्रेक ऑइलही विचारात घ्या. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो: डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर किमान १४० धरतात, डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. फोंडा-पणजी रस्त्यावर हा फरक कधी जाणवणार नाही. अनमोड किंवा चोर्ला घाट सतत ब्रेक दाबून उतरलात तर जाणवेल, पेडल स्पंजासारखं मऊ होईल. दोन वर्षांत बदललं नसेल तर आता बदला.

माझा अंदाज विचारलात तर डाव्या कॅलिपरच्या पिना, कदाचित पॅड, आणि टकटकीसाठी लिंक रॉड. डिस्क बदलायची गरज निघेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

पॅड नवे बसवलेच तर गॅरेजमधून निघाल्यावर मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत, मध्यम जोरानं, आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका आणि दोन ब्रेकच्या मध्ये गाडी थोडी चालू द्या. मग काही किलोमीटर ब्रेक न वापरता थंड होऊ द्या, आणि गरम डिस्कवर लगेच पाणी मारू नका. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर नवे पॅड ब्रेक मारताना थोडे कुरकुरतील, ते चालतं. तेवढे होईपर्यंत घाटातून बेळगावची फेरी मात्र काढू नका.